रजिस्टर्ड नंबर समुद्रात आहे

कॉम्प्युटरच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त जमतात. माल कधी ना कधी विकला तरी जातो, किस्से पडून राहतात. माझ्याकडे आता त्यांची वखार झालीय. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. मॉनिटर, प्रिंटर, की-बोर्ड विकते, दुरुस्त करते आणि दिवसभर चिडते. त्यातलं शेवटचं काम फुकट करते. गिऱ्हाइकं म्हणायची, शुभाताई, दुकानात एसी बसवा, डोकं थंड राहील. बसवला. मग त्या एसीच्या कस्टमर केअरशी बोलून डोकं होतं त्यापेक्षा जास्त तापलं!

आता जे सांगतेय ते सगळं हल्लीचंच आहे. मधेमधे खतिजाचाचींचा मॉनिटर येत राहील, त्याला माझा इलाज नाही. त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

०

पहिला राग गिऱ्हाइकांवर. कंपन्यांचा नंबर नंतर येईल.

पावसकडचे एक गृहस्थ आले. चांगले सभ्य, चष्मेवाले. मॉनिटर बघायचाय म्हणाले. दाखवला. दुसरा दाखवला. मग म्हणाले, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवता का? लावले. त्यांनी वीत लावून रुंदी मोजली. मागे वाकून वायरी बघितल्या. घरच्यांना व्हिडिओ कॉल करून तिकडच्या सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली काळा नको, धूळ दिसते. मुलगी म्हणाली काळाच हवा. मी चहा मागवला. चहा प्यायले.

चहा संपल्यावर खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसून, तोच मॉनिटर ऑनलाइन ऑर्डर करायला लागले. मला वाटलं, आता निदान लाजून बाहेर तरी जातील. छे! फोनमधून डोकं वर काढून मलाच विचारलं,

"ताई, आमच्या वाडीत कुरिअरवाला येत नाही हो. पत्ता तुमच्या दुकानाचा देऊ का?"

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. खोका आला तेव्हा त्यांना फोन केला, तुमचा माल आलाय, दुकान उघडं असताना येऊन घेऊन जा. आणि मग आठवडाभर ते आले की दुकान बंद! समोरच्या झेरॉक्सवाल्याला सांगूनच ठेवलं होतं, पावसचे चष्मेवाले दिसले की मला मिस्ड कॉल दे. माझ्या नवऱ्याला हे पटलं नाही. नसू दे.

०

आमच्या दुकानात एक कायमची खुर्ची आहे, ती सावंत मास्तरांची. मास्तर गणित शिकवायचे, आता रिटायर आहेत. दुपारी चार वाजता येतात आणि मॉनिटरांवर मतं देतात. घेत कधीच नाहीत. वाकडा स्क्रीन, म्हणजे तो कर्व्ड, निघाला तेव्हा मास्तर इतके संतापले की जणू कोणी त्यांच्या घराची भिंत वाकवली. म्हणाले, सरळ रेघ सरळ दिसणार नसेल तर तुम्ही त्यावर भूमिती शिकवणार कशी? मी म्हटलं, मास्तर, लोक त्यावर गेम खेळतात. त्यावर ते जास्तच चिडले.

शेवटी मुलीने त्यांना एक मॉनिटर पाठवलाच. मास्तर वेबसाइटवरचे सगळे अभिप्राय वाचून मला मोठ्याने ऐकवायचे. एकाने पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, पॅकिंग उत्तम, अजून उघडलेला नाही. दुसऱ्याने एक तारा दिला होता: मॉनिटर फर्स्ट क्लास, पण डिलिव्हरीवाला जिन्यावरून ओरडला. मास्तर म्हणाले, असले पेपर मी तपासले असते तर दोघांनाही भोपळा दिला असता.

मग एक दिवस कंपनीची त्यांनाच ईमेल. तुम्ही हा मॉनिटर घेतला आहे, तर दुसऱ्या एका ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर द्याल का? आता हे उत्तर कोणी द्यायचं? ज्याने बनवला त्याने की ज्याने मुलीकडून फुकट घेतला त्याने? पण मास्तर पडले मास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. प्रश्न होता, हा मॉनिटर डोळ्यांसाठी चांगला आहे का?

मास्तरांनी चष्मा लावला, पुसला, परत लावला. विचार केला. आणि एका बोटाने टाइप केलं:

"कोणाच्या?"

त्या उत्तराला पंधरा-वीस लोकांनी उपयुक्त म्हणून अंगठा दिलाय. मी हसले तेव्हा. नंतर खतिजाचाची दुकानात आल्या आणि तो प्रश्न मला नको तिथे आठवला.

०

खतिजाचाची जयगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात राहतात. त्यांच्या ओट्यावरून जयगडच्या बंदरात लागणारी मालाची जहाजं दिसतात. मुलगा इरफान जहाजावर, पण त्याचं जहाज कधी जयगडला येत नाही. सून नसीम आणि चाची, दोघीच घरात. इरफान लहान होता तेव्हापासून मी या घराला ओळखते. माझ्या दुकानातला पहिला कॉम्प्युटर चाचींच्या नवऱ्याने घेतला होता, गल्फमधून येऊन. ते आता नाहीत.

चाचींना काचबिंदू झालाय. डॉक्टरांनी साफ सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, औषध घालून राहिली ती टिकवायची. फोनवर इरफानचा चेहरा त्यांना दिसेनासा झाला. नुसता आवाज ऐकून त्या फोन नसीमच्या हातात द्यायच्या. हे इरफानला कळलं, तेव्हा त्याने जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी मुंबईतून एक मोठ्ठा मॉनिटर ऑर्डर केला. फोन वायरने जोडायचा की तेवढ्या मोठ्या काचेवर माणूस दिसतो.

खोका आला. पण चाचींच्या घरात नवी वस्तू अशी धसमुसळेपणाने उघडत नाहीत. शुक्रवार यावा लागतो, फातिहा द्यावा लागतो, म्हणजे दुवा पढून गोडधोड वाटायचं. पहिल्या शुक्रवारी लग्न होतं. दुसऱ्या शुक्रवारी नसीम आजारी. तिसऱ्या शुक्रवारी फातिहा दिला, शेजाऱ्यांना शिरा वाटला आणि खोका उघडला. मॉनिटर लावला तर काचेच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, चांगला हातभर नाही पण वीतभर तरी रुंद काळा पट्टा!

नसीमने फोन केला. कंपनी म्हणाली, परत घ्यायची मुदत संपली. आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ कुठाय? नसीम बिचारी सांगते, आम्ही फातिहा देत होतो. फातिहाचा व्हिडिओ कोण काढतं हो?

मग दोघी खोका घेऊन माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, चाची, द्या तो फोन मला. आणि मी कस्टमर केअरला लावला. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वपूर्ण आहे, म्हणून एक बाई सांगत राहिली आणि मागे सनई वाजत राहिली. लग्न लागून वऱ्हाड जेवून उठलं असतं, इतका वेळ. शेवटी एक मुलगा आला लाइनवर. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, रजिस्टर्ड मोबाइल नंबरवरूनच तक्रार नोंदवता येईल, कृपया त्या नंबरवरून कॉल करा.

मी म्हटलं, तो नंबर इरफानचा आहे. इरफान जहाजावर आहे.

मग ते घरी आल्यावर कॉल करायला सांगा, म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, अरे बाबा, ऑफिसला नाही गेलाय तो!

"रजिस्टर्ड नंबर समुद्रात आहे. तिथे टॉवर नाही."

त्या मुलाने ते लिहून घेतलं असावं, की-बोर्डचा आवाज आला. मग म्हणाला, ओके मॅडम, समुद्र हे कोणत्या जिल्ह्यात येतं?

०

हे चालू असताना दुसरीकडे नेवरेकर अण्णांचा घोळ. अण्णांच्या हापूसच्या बागा आहेत. त्यांच्या मॉनिटरचा रंग उडाला, सगळी माणसं निळी दिसायला लागली. याही कंपनीचा तोच खाक्या. पण अण्णांचं नशीब जोरावर, कंपनी म्हणाली, बदलून देतो, फक्त मूळ खोक्यात भरून पाठवा.

मूळ खोका! रत्नागिरीत मे महिन्यात घरात रिकामा, चांगला, मजबूत खोका शिल्लक असतो का? अण्णांनी त्यात गवत घालून आंबे भरले होते आणि डोंबिवलीला मेहुण्याकडे पाठवून दिले होते.

अण्णांनी मेहुण्याला फोन केला, तो खोका परत पाठव. मेहुण्याला वाटलं, आंबे दिले आणि आता खोका परत मागतायत, एवढा कोतेपणा! तो तिकडून भडकला. बहीण रडली. अण्णांनी समजावून सांगितलं की कंपनीला हवाय. मेहुणा म्हणाला, कंपनीला आंब्याचा खोका कशाला हवाय, मला काय खुळा समजता? शेवटी चुलत-मावस मंडळी मध्ये पडली आणि खोका आला.

अण्णांनी त्यात मॉनिटर भरून पाठवला. काही दिवसांनी कंपनीचा मेसेज. तुमच्या उत्पादनात द्रवपदार्थामुळे नुकसान आढळले आहे, सबब वॉरंटी रद्द. अण्णा गाडी घेऊन थेट माझ्याकडे. कसला द्रवपदार्थ? मी फोटो मागवले. बघते तर खोक्याच्या तळाला, गवताच्या काड्यांत, एक आंबा! डोंबिवलीवाल्यांच्या नजरेतून सुटलेला. कुरिअरच्या गाडीत पिकला, फुटला, आणि मॉनिटरच्या पायाला रस लागला.

अण्णा फोटोकडे बघत बसले. मला वाटलं, आता कंपनीला शिव्या देतील. माणूस बागायतदार पडला.

"रायवळ आहे हा," म्हणाले. "मेहुण्याने हापूस काढून घेऊन रायवळ घातलाय."

मेहुण्याशी त्यांचं अजून बोलणं नाही. मॉनिटर निळाच आहे.

०

मी मात्र चाचींचा विषय सोडला नाही. कंपनीच्या वेबसाइटवर जवळचं सर्व्हिस सेंटर दिलं होतं, चिपळूण. म्हटलं, फोनवर डोकं फोडण्यापेक्षा जाऊन समोरासमोर भांडावं. मॉनिटर गाडीत घातला आणि मास्तरांना घेऊन निघाले. मास्तर सोबत असले की मला थोडं कमी ओरडावं लागतं, ते दमात घेतात.

पत्ता सापडला. पाटीही होती कंपनीची, अर्धी. पाटीच्या खाली कुठल्याशा पुराच्या पाण्याची मातकट रेघ. शटर वर, आणि आत गाद्या-उशा. एक गृहस्थ गादीवर मांडी घालून बसलेले. मी विचारलं, सर्व्हिस सेंटर? ते उठले नाहीत, दचकले नाहीत. नुसते बाजूला सरकले.

"या, बसा," म्हणाले. "पुरानंतर ते उठून गेले. तेव्हापासून सगळे इथेच येतात."

बसलो. बघते तर कोपऱ्यात आणखी एक जोडपं, मांडीवर प्रिंटर घेऊन, गादीवर. खेडहून आलेलं. गादीवाले त्यांना पाणी देत होते. म्हणाले, मी कंपनीला तीनदा कळवलं, पाटी काढा. ते म्हणाले, तुम्ही रजिस्टर्ड ग्राहक नाही.

मास्तर चिडायचं सोडून गादीवर हात फिरवायला लागले. येताना एक उशी घेऊन आले. मी वाटेत हातखंब्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

०

आता तो ओटीपीचा किस्सा. हा नीट ऐका, पुढे लागणार आहे.

आमच्याच गल्लीत वहाळकर वहिनींचा टायपिंगचा धंदा. त्यांच्या मॉनिटरने लुकलुकायला सुरुवात केली. चाचींचा होता त्याच कंपनीचा मॉनिटर. तक्रार नोंदवली. एका दुपारी इंजिनिअरचा फोन आला. अगदी गोड आवाज. म्हणाला, वहिनी, मी कोल्हापूरहून निघालोय, आता आंबा घाटात आहे. घाट उतरलो की रेंज जाते. तेवढा ओटीपी आला असेल तो सांगता का, म्हणजे एंट्री करून टाकतो आणि थेट तुमच्याकडेच येतो.

वहिनींनी सांगितला. चहाचं आधणही ठेवलं.

लगेच मेसेज आला. तुमची तक्रार समाधानकारकपणे सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

चहा आटला. इंजिनिअर काही आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. परत तक्रार केली तर म्हणे सोडवलेली तक्रार पुन्हा नोंदवता येत नाही. वहिनी अजून कोणी विचारलं की शांतपणे सांगतात, येतोय तो, आंबा घाटात आहे.

मला शांतपणा जमत नाही. मी दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: माणूस आल्याशिवाय आणि मॉनिटर चालू झाल्याशिवाय कोणीही ओटीपी देऊ नये. गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. ओटीपी दिला की तक्रार मेली. मासळीवाल्या बायासुद्धा मला बघून लांबूनच म्हणायच्या, नाय देत गो ताई, ओटीपी नाय देत.

०

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

जहाजावर नेट असतं, पण मेसेज-मेल जाण्यापुरतं. मी इरफानला मेल केली, त्याने त्याच्या नावाने कंपनीला मेल केली, आणि चाचींची तक्रार नोंदली गेली. पहिलं उत्तर आलं की स्क्रीनवर थोडेफार ठिपके असणे हा दोष मानला जात नाही. मी फोटो पाठवून विचारलं, एवढा ठिपका? मग इंजिनिअर नेमला म्हणाले. संपर्कासाठी माझा नंबर दिलेला होता.

दुपारी फोन आला. गोड आवाज. ताई, मी आंबा घाटात आहे.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बरं. तो म्हणाला, ओटीपी आला असेल. म्हटलं, आला असेलच. म्हणाला, सांगता का? मी म्हटलं, कसा सांगणार, तो रजिस्टर्ड नंबरवर गेलाय आणि तो नंबर आहे हिंदी महासागरात.

दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाचा फोन. मग साहेबाच्या साहेबाचा, इंग्रजीत. ती तक्रार त्यांच्या कॉम्प्युटरवर लाल होऊन बसली होती आणि बंद करताच येत नव्हती. इतकी वर्षं दुकान चालवतेय, पण कंपनी आमच्या मागे लागलेली मी पहिल्यांदाच बघितली. मी मास्तरांना पेढे दिले.

पण वेळ कमी होता. इरफानचा निरोप आला होता. त्याचं जहाज शनिवारी कांडल्याला लागणार. उतरायला परवानगी नाही, पण तिथे त्याच्या मोबाइलला रेंज मिळणार, तेव्हा नीट व्हिडिओ कॉल करणार. तिथून जहाज निघालं की कित्येक महिने बाहेर, ईदलाही नाही. चाचींनी मला दुकानात बसून एकच सांगितलं, "शुभा बाय, तो परत येईल तवर माझी नजर असेल का नसेल, डॉक्टर बोलत नाय. या वेळेला मला त्याला बघायचाय."

मी म्हटलं, चाची, माझ्या दुकानातला मॉनिटर घेऊन जा. नको म्हणाल्या. इरफानने दिलेल्यावरच इरफानला बघणार. मी साहेबाच्या साहेबाला फोन करून सांगितलं, शनिवारी दुपारच्या आत माणूस चाचींच्या घरात पाहिजे. आणि चाचींना न विचारता माझा एक मॉनिटर गाडीच्या डिकीत टाकून ठेवला.

०

शनिवारी मी आणि मास्तर सकाळीच चाचींच्या घरी जाऊन बसलो. मी काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. मास्तरांनी त्यातले दोन शब्द गाळायला सांगितले, ते गाळले नव्हते.

आणि खरंच मोटरसायकल आली! आंबा घाटवाला. रेनकोट, पाठीला पिशवी, तोंडावर धूळ आणि चिखल. मी मनात एखादा बेरकी, केस उलटे फिरवलेला माणूस धरून बसले होते. हा आपला साधा, हडकुळा, संदीप नावाचा. ओट्यावर बूट काढून पाय पुसून आत आला, हे बघून माझा पाठ केलेला अर्धा मजकूर वाया गेला.

उरलेला अर्धा मी वापरला. वहाळकर वहिनींच्या नावाने, गादीवाल्यांच्या नावाने, सगळ्यांच्या नावाने. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्याने मॉनिटर उघडला, फोटो काढले, म्हणाला, पॅनल गेलंय, ते मुंबईहून यायला हवं, मी कळवतो. पिशवीत पॅनल नव्हतं. नुसता पाहायला पाठवला होता. आणि म्हणाला, ताई, तेवढा ओटीपी. तो टाकल्याशिवाय आजची व्हिजिट धरत नाहीत, मी गैरहजर लागतो. साहेबांनी सांगितलंय, ही तक्रार बंद केल्याशिवाय परत येऊ नकोस.

मी म्हटलं, बंद होणार नाही. मॉनिटर चालू होईपर्यंत लालच राहील. बस इथे.

बसला. चाचींनी त्याला जेवायला वाढलं. माझ्याकडे बघितलंही नाही. भाकरी, बांगड्याचं कालवण, वर दह्याची वाटी. तो जेवत असताना त्याचा फोन वाजला. आईचा होता. हो आई, निघतो, हो, रेनकोट आहे. थोड्या वेळाने परत वाजला. घाटात धुकं उतरतं, अंधार पडायच्या आत वर चढ, असं ती माउली तिकडून सांगत होती. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता. त्याने काही खोटंनाटं सांगून फोन ठेवला. चाची भाकरी वाढत होत्या.

मी चाचींना आतल्या खोलीत नेऊन समजावलं. म्हटलं, चाची, आपल्या हातात एवढी एकच गोष्ट आहे. हा ओटीपी दिला की तक्रार मेली. मग पॅनल नाही, काही नाही, तुमच्या इरफानचा मॉनिटर कायमचा असाच. याचा चेहरा बघून विरघळू नका. चाची हो हो म्हणाल्या.

दुपारच्या नमाजानंतर कॉल आला. नसीमने फोन जोडला. मॉनिटरवर इरफान उगवला आणि काळा पट्टा बरोबर त्याच्या तोंडावरून खाली. दोन कान तेवढे दिसत होते. चाचींनी खुर्ची पुढे ओढली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पट्ट्याच्या आडून कुठून चेहरा दिसतो का बघत राहिल्या. हात लावून काच पुसली.

माझ्याने ते बघवेना. मी धावत गाडीकडे गेले, डिकीतला मॉनिटर काढून आणला. संदीप उठला आणि त्याने वायरी जोडायला घेतल्या. चाची या वेळी नको म्हणाल्या नाहीत.

इरफान पूर्ण दिसला. दाढी वाढलेली, डोक्यावर जहाजावरची टोपी, मागे क्रेन. चाचींचं नाक काचेला टेकायचं बाकी होतं. नसीम पदर तोंडाला लावून उभी. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. इरफान विचारत होता, "अम्मी, दिसतोय मी? अम्मी?"

चाचींनी बघून घेतलं. कपाळ, डोळे, दाढी, सगळं. मग संदीपच्या बाजूला हात केला, आणि म्हणाल्या,

"दिसतोस रे. इरफान, तुझ्या मोबाइलवर कंपनीचा नंबर आला असंल, तो आधी सांग. हा पोरगा कवापासनं अडकलाय. त्याची आई वाट बघते."

मी ओरडले, "चाची, नाही!"

इरफान तिकडून एकेक आकडा वाचायला लागला. संदीपच्या हातात फोन होता, पण त्याचं बोट काही हलत नव्हतं.